घशातला बटाटा आणि अडीच विसा

डॅनिश माणूस घशात बटाटा धरून बोलतो, असे स्वीडिश लोक चिडवतात. त्यावर ‘डेन्मार्क स्वच्छ ठेवा, स्वीडिश माणसाला फेरीबोटीपर्यंत पोहोचवा’ हे उत्तर तयारच असते, कारण स्वस्त दारूसाठी सामुद्रधुनी ओलांडून येणारे झिंगलेले शेजारी डॅनिश लोकांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत.

डॅनिश आकड्यांची थट्टा मला विशेष जवळची वाटते. पन्नासला ते ‘हालत्रेस’ म्हणतात, म्हणजे मुळात ‘तिसरा अर्धा’ गुणिले वीस, अर्थात अडीच विसा! स्वीडिश माणूस यावर कपाळाला हात लावतो. मराठी माणसाला मात्र, ज्याचा ‘अडीच’देखील संस्कृत ‘अर्धतृतीय’वरूनच, म्हणजे ‘तिसरा अर्धा’वरूनच आला आहे, हा हिशेब चटकन उमगावा.

१६५८ साली स्वीडिश सैन्य गोठलेल्या समुद्रावरून चालून आले आणि डेन्मार्कने स्कोने प्रांत गमावला. त्याच स्कोनेतून आज दोन्ही देशांना जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावरून माणसे रोज कोपनहेगनला कामावर जातात, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.