बार्बेरा दास्ती : आंबटपणावर उभी असलेली लाल वाइन

लाल वाइनची चर्चा बहुतेक वेळा टॅनिनपाशी, म्हणजे हिरड्यांना आणि जिभेला जाणवणाऱ्या तुरटपणापाशी येऊन थांबते. वायव्य इटलीतील पिएमाँते प्रदेशातली बार्बेरा, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या वाणाची वाइन, या मोजपट्टीत बसत नाही. तिचा गडद जांभळट रंग पाहून घोट जड आणि तुरट असणार असे वाटते, पण प्रत्यक्षात टॅनिन बेताचे आणि आंबटपणा भरपूर असतो. चेरी, आलुबुखारा, क्वचित काळ्या मिरीची झाक, आणि शेवटी तोंडाला सुटणारे पाणी, अशी तिची साधारण ओळख सांगता येईल. द्राक्षे पूर्ण पिकून साखर वाढली, तरी या वाणातील आम्लता फारशी उतरत नाही. त्यामुळे चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली बार्बेराही सुस्त वाटत नाही.

याच प्रदेशात आल्बाच्या परिसरात उत्तम उतार नेब्बिओलो या द्राक्षाला मिळतात, कारण त्यातून बारोलो आणि बार्बारेस्को या वाइन तयार होतात, आणि बार्बेराला उरलेल्या जागेवर समाधान मानावे लागते. आस्तीच्या टेकड्यांवर मात्र दक्षिणेकडे तोंड असलेले चांगले उतार बार्बेरासाठी राखलेले दिसतात. आस्तीची बार्बेरा, म्हणजेच बार्बेरा दास्ती, मला अधिक नेमकी वाटते, त्याचे एक कारण हेच असावे.

तिची प्रतिष्ठा मात्र फार जुनी नाही. दीर्घकाळ ती रोजच्या जेवणातली स्वस्त वाइन होती, आणि 1986 मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त इटालियन वाइनमुळे वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तिच्या नावालाही मोठा धक्का बसला. त्याच दशकात रोक्केत्ता तानारो गावच्या जाकोमो बोलोन्या यांनी 1982 च्या पिकापासून केलेली ‘ब्रिक्को देल्लुच्चेलोने’ ही बार्बेरा लहान फ्रेंच ओक पिंपांत मुरवली. या वाणात जे टॅनिन कमी होते, ते लाकडाने पुरवले, आणि बार्बेराकडे गंभीरपणे पाहायला लोक तयार झाले. पुढे 2008 मध्ये बार्बेरा दास्तीला इटलीचा सर्वोच्च डीओसीजी दर्जा मिळाला आणि 2014 मध्ये नित्सा मॉन्फेर्रातो गावाच्या परिसरातील बार्बेरासाठी नित्सा हे स्वतंत्र नामाभिधान झाले, ज्यात केवळ बार्बेराच वापरावी लागते आणि ती किमान 18 महिने, त्यातले 6 लाकडात, मुरवावी लागते. लाकडाचा अतिरेक झालेल्या बाटल्यांत व्हॅनिलापुढे चेरी हरवते, आणि अशी बार्बेरा मला तरी वाया गेल्यासारखी वाटते.

खाद्यपदार्थांशी जोडी जमवताना हाच आंबटपणा मार्गदर्शक ठरतो. टॅनिनप्रधान वाइनला प्रथिने आणि चरबी असलेले मांस लागते; बार्बेराचे तसे नाही, ती तेलकट किंवा लोणीदार घासावर लिंबाची फोड पिळावी तसे काम करते. पिएमाँतेची बान्या काउदा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. लसूण, खारवलेले अँकोव्ही मासे आणि ऑलिव्ह तेल मंद आचेवर शिजवून केलेल्या या गरम सॉसमध्ये भाज्या बुडवून खातात, आणि त्यांत नित्सा मॉन्फेर्रातोजवळचा कार्दो गोब्बो, म्हणजे आर्टिचोकच्या कुळातली वाकड्या देठांची भाजी, मानाचा. अँकोव्हीचा खारटपणा तीव्र टॅनिनशी भिडला की तोंडात धातूसारखी कडवट चव राहू शकते. बार्बेराच्या बाबतीत हा धोका कमी असतो. भाजलेल्या मांसाचे सारण भरलेला आन्योलोत्ती पास्ता, किंवा पार्स्लीच्या हिरव्या सॉससोबत वाढलेले उकडलेल्या मांसाचे बोल्लीतो मिस्तो, यांच्याशीही तिचे सहज जमते. टोमॅटोच्या सॉसपुढे कमी आम्लतेच्या वाइन फिक्या पडतात, तर ही बरोबरीने उभी राहते.

चीजमध्ये माझी पसंती रोबिओला दी रोक्कावेरानोला आहे. शेळीच्या दुधाचा तिचा हलका आंबटपणा ताज्या, लाकूड न लागलेल्या बार्बेराशी जुळतो. नित्सासाठी मात्र सावकाश शिजवलेले गोमांस किंवा जुने, कठीण चीज निवडावे. ताजी बाटली 15 ते 16 अंश सेल्सिअसला वाढावी, कारण त्याहून उबदार झाली की अल्कोहोल पुढे येते आणि फळाचा ताजेपणा मागे पडतो. मुरवलेली नित्सा दोन अंश अधिक सहज सोसते.