जुन्या उभयचर सहाचाकीला नवं इंजिन बसवताना

पाण्यातही तरंगणारी सहाचाकी मुंबईत फार कुणाकडे नसते. ज्यांच्याकडे आहे त्यांची गाडी बहुधा जुनी आणि परदेशी बनावटीची असते, आणि मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळणं केव्हाच थांबलेलं असतं. कॅनडाची आर्गो १९६७ पासून बनते. त्या काळातल्या आणि नंतरच्या बऱ्याच गाड्यांत दोन-स्ट्रोक इंजिनं होती. माझ्याकडची गाडीही तशीच: प्लास्टिकची टबासारखी बॉडी, मागे आडवं इंजिन, पट्ट्याचा क्लच (दोन पुली आणि त्यांवर पट्टा; वेग वाढला की वजनं पुलीचं हलणारं तोंड दाबून पट्टा पकडतात), गिअरबॉक्स आणि तिथून साखळ्यांनी सहाही चाकं. पिस्टन दुसऱ्यांदा चिकटला तेव्हा दुरुस्ती सोडून इंजिनच बदललं. काम भांडुपच्या एका गाळ्यात झालं, सामान बहुतेक नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आलं.

पाना हातात घेण्याआधी मोजमाप करा. जुनं इंजिन एकदा बाहेर आलं की त्याची जागा सांगणारं गाडीत काही उरत नाही. मी चार मापं घेतली. इंजिनाच्या शाफ्टच्या केंद्रापासून गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या केंद्रापर्यंतचं अंतर: २७३ मिमी. दोन्ही पुलींच्या आतल्या, न हलणाऱ्या तोंडांमधला आडवा फरक: १२ मिमी. शाफ्टची तळापासूनची उंची. आणि सायलेन्सर ते प्लास्टिक, जिथे सगळ्यात कमी जागा आहे तिथलं अंतर. आडव्या फरकासाठी अर्धा मीटर सरळ चौकोनी पाइप इंजिनाच्या पुलीच्या तोंडाला टेकवायचा आणि गिअरबॉक्सच्या पुलीपर्यंतची फट व्हर्नियरने मोजायची. आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुमचे तुमच्या गाडीवर घ्या. पट्टा झिजून एका कडेला गेला असेल तर जुनं मापही चुकीचं असू शकतं, म्हणून क्लचच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून घ्या.

इंजिन कोणतं, यावर गाळ्यातल्या प्रत्येकाचं मत होतं. रिक्षाचं डिझेल इंजिन टाका, स्वस्त पडेल, हे सगळ्यात जास्त ऐकलं. टाकू नका. ते जड असतं, थरथरतं, आणि कमी फेऱ्यांवर ताकद देतं. पट्ट्याच्या क्लचची वजनं आणि स्प्रिंग जास्त फेऱ्यांसाठी बेतलेली असतात. शिवाय गाडी तरंगायची आहे, हे लोक विसरतात. मी १८ अश्वशक्तीचं, दोन सिलिंडरचं, चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन घेतलं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं व्हॅनगार्ड, ५७० सीसी, ७२ मिमी बोअर, ७० मिमी स्ट्रोक. हवेवर थंड होतं, आडवा शाफ्ट आहे, कमाल वेग मिनिटाला ३,६०० फेऱ्या. नव्या इंजिनात ऑइल नसतं. पहिल्यांदा भरताना डिपस्टिक पाहत हळूहळू भरा आणि फिल्टरमध्ये जाणारं धरून दुसऱ्यांदा पातळी तपासा.

घेताना शाफ्ट स्वतः मोजा. बाजारात '२५ एमएम' आणि 'एक इंच' हे एकच समजून इंजिनं विकली जातात. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. क्लचचा बोअर एक इंचाचा आणि शाफ्ट २५ मिमीचा असला तर ०.४ मिमीची ढिलाई राहते. हातात धरून कळतही नाही, पण ३,००० फेऱ्यांवर क्लच डुलतो आणि काही तासांत चावीची (क्लच शाफ्टवर अडकवून धरणाऱ्या पोलादी पट्टीची) खाच रुंदावते. चावीचंही तसंच: दोन सूत, म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, आणि दुकानदार ७ ची घासून देतो. घेऊ नका, लेथवाल्याकडून पोलादी पट्टीतून बरोबर मापाची काढून घ्या. शाफ्टच्या टोकाचा बोल्ट तीन सूत, बारीक आट्यांचा, इंचात २४ आटे. तिथे एम-१० घुसवून आटे मारणारे मिस्त्री मी पाहिलेत. नव्या क्रँकशाफ्टचे आटे घालवायला तेवढंच पुरतं.

जुना क्लच शाफ्टवर गंजून बसला असेल तर हातोडा चालवू नका. पुलीचं तोंड एकदा वाकडं झालं की ती भंगारात जाते. पुलर लावा, ताण द्या, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा थोडा फिरवा. नवा बसवताना शाफ्टवर अँटीसीझचा (गंजून चिकटू न देणाऱ्या वंगणाचा) पातळ थर द्या, पण पुलीच्या तोंडावर एक थेंबही नको. तोंडं अ‍ॅसिटोनने पुसून घ्या.

आता क्लचकडे. दोन-स्ट्रोक इंजिन ६,००० फेऱ्यांच्या आसपास धावतं, म्हणून त्याचा क्लच ३,००० च्या वर पकडायला लावलेला असतो. नवं इंजिन ३,६०० ला संपतं. जुना क्लच तसाच चढवला तर पट्टा पकडतो तेव्हा इंजिनाकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. गाडी हलते, पण पट्टा घसरत राहतो आणि दहा मिनिटांत रबर जळाल्याचा वास येतो. मऊ स्प्रिंग किंवा जड वजनं घालून पकड २,००० च्या जवळ आणावी लागते. बाजारात चार-स्ट्रोकसाठी बेतलेले क्लच मिळतात; खर्च वाढतो, पण तेच परवडतं. आयडल मी १,४०० वर ठेवलं. आयडल आणि पकड यांत निदान ४०० फेऱ्यांचं अंतर हवं, नाहीतर गाडी उभी असतानाही पुढे सरकते. या गाडीला वळवायचं काम एका बाजूची चाकं रोखून होतं, त्यामुळे उभ्या गाडीचं सरकणं म्हणजे ती गिरकी घ्यायला लागणं.

इंजिन बसवायची प्लेट मी ८ मिमी लोखंडाची केली, इंजिनाच्या चार बोल्टांसाठी १२ मिमीच्या लांब खाचा ठेवून, म्हणजे पट्ट्याचा ताण लावता येतो. रबरी माउंट इंजिनाखाली टाकले तर आवाज कमी होतो म्हणून फॅब्रिकेटर आग्रह धरेल. गिअरबॉक्स घट्ट आणि इंजिन रबरावर, असं केलं तर पट्टा ओढला गेला की इंजिन गिअरबॉक्सकडे झुकतं आणि मापलेलं अंतर भार पडताच बदलतं. दोन्ही एकाच सांगाड्यावर घट्ट ठेवा, आणि रबर हवंच असेल तर त्या सांगाड्याखाली.

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला: प्लेट बांधल्यावर आडवा फरक १२ ऐवजी १५ निघाला. तीन मिमी म्हणजे फार नाही, असं वाटतं. पण पट्टा पुलीत तिरका शिरला की एक कडा झिजत जाते आणि धागे सुटायला लागतात. खाचा गिअरबॉक्सच्या दिशेने आहेत, त्यामुळे आडवी दुरुस्ती प्लेट सरकवूनच करावी लागते. मी एका बाजूचं वेल्डिंग कापून प्लेट तीन मिमी आत घेतली. पुन्हा मोजताना लक्षात आलं की वेल्डच्या ओढीने प्लेट किंचित पिळली आहे. दोन शाफ्ट समांतर नव्हते. मग मागच्या दोन बोल्टांखाली अर्ध्या मिमीची पितळी शिम, म्हणजे पातळ चकती, घातली. पाइप लावून पुलीच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना मोजा. चारही जागी फरक १२ येईपर्यंत सोडू नका.

पट्टा लांबीवरून आणि रुंदीवरून जुळवून नागदेवीत मिळणार नाही. साधा व्ही-पट्टा त्याच रुंदीचा असला तरी चालत नाही. त्याच्या कडांचा कोन वेगळा असतो आणि तो मऊ असतो, या क्लचच्या दाबाखाली चिरडून जातो. स्कूटरचा पट्टा दिसायला तसाच, पण अरुंद. मूळ भाग क्रमांक शोधून दोन मागवा. बसल्यावर पट्ट्याची वरची कड गिअरबॉक्सच्या पुलीच्या काठाबरोबर यायला हवी. आत बुडाली असेल तर अंतर जास्त आहे: आयडलला गाडी सरकेल, न्यूट्रल मिळणार नाही. पट्टा ढिला लोंबत असेल तर अंतर कमी: सुरुवातीला झटका बसेल आणि पट्टा एकाच जागी जळेल.

सायलेन्सर जुना जुळत नाही, कारण आता एक्झॉस्टची तोंडं दोन आहेत. पाइप वळवून, मध्ये लवचिक स्टीलची नळी टाकून नवा सायलेन्सर इंजिनाच्याच ब्रॅकेटवर बांधा. बॉडीवर बांधलात तर थरथरीने वेल्ड तडकतो. पॉलिथिन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पण मऊ त्याच्या बऱ्याच आधी होतं. मी ५० मिमी मोकळी जागा ठेवली, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पत्रा आणि प्लास्टिक यांच्यात पुन्हा हवेची फट. अर्धा तास चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने टबाची भिंत पाहिली. ७० च्या पुढे गेली असती तर पत्रा वाढवला असता.

थंड करणारी हवा मात्र त्याहून महत्त्वाची. फ्लायव्हीलचा पंखा हवा ओढतो, ती सिलिंडरवरून गरम होऊन बाहेर येते. बंद डब्यात तीच गरम हवा तो पुन्हा ओढतो. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचीच हवा ३५ अंशांना असते, तेव्हा गुंजाइश उरत नाही. सीटमागच्या जाळीपासून पंख्यापर्यंत पत्र्याचा नळ केला आणि शिवणीला फोम लावला. पावसाळ्यात जाळीवर पाणी उडेल म्हणून तोंड खाली वळवलं.

वायरिंगमध्ये मी स्वतः कॉइल घालवली, तेव्हा हे नीट वाचा. या इंजिनाला बंद करायला वीज तोडायची नसते. इग्निशनची तार जमिनीला जोडायची असते. मोटरसायकलचं किंवा कारचं की-स्विच उलट वागतं, चालू केल्यावर १२ व्होल्ट देतं. ते मी बंद करण्याच्या तारेवर दिलं. एका सिलिंडरची ठिणगी गेली, दुसरा धडधडत राहिला. मॅग्नेटो पद्धतीचं पाच टोकांचं स्विच घ्या आणि बसवण्याआधी मल्टिमीटरने तपासा: 'बंद' वर एम (मॅग्नेटो) आणि जी (जमीन) जोडलेले, 'चालू' वर सुटलेले, 'स्टार्ट' वर बी (बॅटरी) आणि एस (स्टार्टर) जोडलेले. दोन कॉइलांच्या तारेत डायोड असतात. त्यातला एक उघडा पडला की किल्ली फिरवूनही एक सिलिंडर चालूच राहतो. कार्ब्युरेटरच्या तळाशी सोलेनॉइड (विजेवर उघडणारी इंधनाची झडप) आहे, त्याला चालूवर १२ व्होल्ट हवेत, नाहीतर इंजिन फिरतं पण धरत नाही. बॉडी प्लास्टिकची, त्यामुळे बॅटरीची ऋण तार थेट इंजिनाच्या ब्लॉकवर आणि रेग्युलेटरचा पायही तिथेच, रंग खरवडून.

इंधनाबद्दल थोडक्यात: पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इंजिनाचं पुस्तक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य करतं. जुन्या रबरी नळ्या फुगतात, सगळ्या बदला. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

पहिली सुरुवात क्लच न बसवता करा. क्लच आहे आणि पट्टा नाही, अशा स्थितीत रेस देऊ नका. तोंडं एकमेकांवर आपटतात. मग गाडी ठोकळ्यांवर, सहाही चाकं हवेत, पट्टा लावून. व्हॉल्व्हची फट गार इंजिनावर ०.१० ते ०.१६ मिमी, स्पार्क प्लगची ०.७६. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ओढून जास्त वेग मिळवायचा मोह होतो, तो टाळा. कनेक्टिंग रॉड तुटला की तो ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

तरंगण्याचा हिशेब मी वजनकाट्यावर केला. जुनं इंजिन ३१ किलो, नवं ४३. बारा किलो म्हणजे बारा लिटर पाणी, आणि पाण्याच्या रेषेशी टबाचं क्षेत्र साधारण अडीच चौरस मीटर, म्हणजे गाडी सरासरी पाच मिमी खाली बसणार. पण वजन मागे वाढलं, त्यामुळे प्रश्न बुडण्याचा नाही, मागच्या बाजूला कलण्याचा. ९ किलोची बॅटरी पुढच्या पायांखाली नेली. चाचणीसाठी टेम्पोवर घालून पेणकडच्या मातीच्या तळ्यावर नेली. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उतरवू नका, टायरने कागद फाटतो आणि शेतकरी नुकसान मागतो, बरोबरच आहे. टायरची हवा २ ते ३ पीएसआय, पाणी उपसायचा पंप चालतो का ते आधी पाहून, टबाच्या तळाचे प्लग घट्ट. मागच्या कडेला जुन्या रेषेपेक्षा ७ मिमी पाणी जास्त होतं. पाच तासांनी पहिलं ऑइल बदललं, प्लेटचे बोल्ट पुन्हा आवळले, क्लचवरची काळी भुकटी पुसली. भुकटी कडेला बारीक, दोन्ही बाजूंना सारखी होती, म्हणजे पट्टा सरळ चालत होता.