चहाडी

घुबड स्वतःची बातमी स्वतः देत नाही. दिवसा तर नाहीच. आजवर रानात मला जी काही घुबडं दिसली, ती कुणीतरी चहाडी केली म्हणून दिसली.

पहिली चहाडी बुलबुलांची. संगमेश्वरकडच्या आमच्या गावी देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी मी आणि माझा चुलतभाऊ तिच्या कडेकडेने करवंदं काढत होतो. (देवरहाटीतलं काही तोडायचं नाही, वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. कडेचं चालतं, हा नियम आमचा आम्हीच केलेला.) एका जुनाट आंब्यावर नुसता कल्ला चालला होता. दोन बुलबुल, एक कोतवाल, एक हळद्या आणि कुठून तरी येऊन भांडणात पडलेला अंगठ्याएवढा शिंजीर. सगळ्यांची तोंडं एकाच फांदीकडे. "धामण चढली असणार," भाऊ म्हणाला. फांदीवर धामण नव्हती. मोडक्या डहाळीचं एक खुंट तेवढं होतं, करडं-तपकिरी, बारीक आडव्या रेघारेघांचं. कोतवालाने झेप घेऊन त्या खुंटाला टप्पल मारली आणि खुंटाने डोळे उघडले.

शेंदरी कडांच्या पापण्या, आत काळेभोर डोळे. दुपारच्या झोपेतून उठवलं की आमचे आजोबा जसे बघायचे, तसं ते आमच्याकडे बघत होतं. जणू हा सगळा गोंगाट आम्हीच आणला होता. ते वनघुबड, हे पुढे पुस्तकात चित्र बघून कळलं. रात्री हेल काढत येणारा जो थरथरता आवाज ऐकून आम्ही पोरं पांघरुणात शिरायचो, तो याचाच, हेही पुढेच कळलं. आधी कळलं असतं तरी पांघरुणात शिरलोच असतो.

भावाचा हात दगडाकडे गेला. मागून फाट्यांचा भारा घेऊन येणारी काकी तिथूनच ओरडली, "ए, ठेव तो दगड! घुबड दगड झेलतं. झेलतं नि पऱ्याच्या पाण्यात नेऊन घाशीत बसतं. दगड झिजेल तसा तू झिजशील!"

दगड खाली पडला. घुबडाला दगड झेलता येत नाही हे मला आता ठाऊक आहे, आणि अशाच समजुती उलट्या फिरल्या की जादूटोण्यापायी घुबडं मारलीही जातात. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या दुपारी आमच्यापैकी कुणाच्या गावी नव्हता. काकीचा कायदा जागच्या जागी लागू झाला. भाऊ पुढचे दोन दिवस मनगटाचा घेर मोजत होता.

पाखरांची बाजूही समजून घ्यायला हवी. रात्री हे घुबड आपली पिल्लं उचलणार, आपल्याला तर अंधारात दिसत नाही. मग दिवसाउजेडी, ते झोपेत असताना, चारचौघांत त्याची इतकी नाचक्की करायची की त्याने मुक्काम हलवावा. तेव्हापासून मी रानात घुबड शोधत नाही. भांडणं कुठे चालली आहेत ते ऐकतो.

दुसरी चहाडी मुकी होती. पुरंदरच्या एका ओढ्याकाठी, उभ्या खडकावर, कुणी चुन्याचा डबा लवंडल्यासारखे पांढरे ओघळ दिसले. खाली बोटाएवढ्या करड्या गोळ्या पडलेल्या, नमद्यासारख्या दाबलेल्या. घुबड चावत बसत नाही. लहानसहान शिकार अख्खी गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून तोंडावाटे टाकून देतं. मी उकिडवा बसून काडीने एक गोळी उकलली. उंदराचा जबडा निघाला, पिवळ्या दातांसकट. आणखी एक कवटी निघाली, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी. काल रात्री इथे कोण कोण जेवणात होतं याचा हिशेब मी मांडत होतो, आणि यजमान माझ्या डोक्यावर पाच-सहा हातांवर कपारीत बसलेला होता.

शृंगी घुबड उठलं ते मला ऐकू आलंच नाही. साधं पारवं उठलं तरी केवढी फडफड करतं! इथे दीड-दोन फुटांचा पक्षी डोक्यावरून गेला आणि फक्त सावली सरकली. घुबडाच्या पंखांतल्या बाहेरच्या पिसांची पुढची कड कंगव्यासारखी दातेरी असते आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते, म्हणून हवा आवाज न करता निसटते. वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात मानेवरचे केस उभे राहतात. समोरच्या काठावर ते पाठमोरं बसलं आणि फक्त डोकं माझ्याकडे फिरवलं. डोळे खोबणीत घट्ट, इकडेतिकडे फिरवता येत नाहीत, त्यामुळे सगळं काम मानेवर. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा. पाऊण वर्तुळ मान फिरते म्हणे. मला तेव्हा ते मोजायचं सुचलं नाही. ते नारिंगी डोळे माझ्यावरून हटावेत एवढंच वाटत होतं. याच तालुक्यातल्या पिंगोरी गावी २०१८ पासून घुबडांच्या नावाने महोत्सव भरू लागला, हे ऐकलं तेव्हा मला या यजमानाची आठवण झाली. त्याला ती गर्दी मुळीच आवडली नसती.

चहाडी खोटी निघाली तर काय होतं, त्याची गोष्ट रानपिंगळ्याची. हे सागाच्या रानातलं, दिवसाही वावरणारं छोटं घुबड. १८७३ मध्ये ब्रिटिश अधिकारी आणि पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन यांनीही त्याचे नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी गायब झाला. पुढे माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने सांगितलं की आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मिळाला. तो नमुना मुळात डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी डकवलेला. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीला आणली, तो पत्ता खोडला आणि जुन्या, खऱ्या पत्त्यांवर शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, भर सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी तो एका झाडावर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! तिथल्या बुलबुलांना आणि कोतवालांना तो एक दिवसही हरवलेला नव्हता. त्यांनी रोज बोंब मारली असणार, पण लिहून घेणारं कुणी नव्हतं.

२०१४ मध्ये तो मुंबईजवळ तानसा अभयारण्यातही सापडला, म्हणून मीही तिथे एक पहाट घालवली. दिसला तो त्याचा अंगभर पट्ट्यांचा भाऊबंद. मान मात्र तीन दिवस आखडली.

गेल्या मेमध्ये गावी गेलो तेव्हा पुन्हा त्या आंब्याखाली जाऊन उभा राहिलो. दोन-तीन मिनिटं शांतता. मग बुलबुल सुरू झाले, पाठोपाठ कोतवाल आला, शिंजीरही आला. तोच जुना कल्ला. मी हरखून एकेक फांदी, एकेक खुंट न्याहाळू लागलो. अर्धा तास झाला, आवाज वाढतच होता आणि घुबड काही दिसेना. शेवटी कोतवाल टोपीला चाटून गेला तेव्हा वळून पाहिलं. माझ्या कोपराशी करवंदीच्या जाळीत वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात तीन उघड्या चोची. सगळी पाखरं माझ्याकडे तोंड करून बसली होती.