जेल घट्ट झालं खरं, पण प्रकाशाने की उष्णतेने?

परवा लेझर मारून व्हायलमधलं (छोट्या बाटलीतलं) मोनोमर, म्हणजे एकमेकांना जुळून जेल बनवणारे छोटे रेणू, एकदाचं घट्ट झालं, मी पाच मिनिटं जाम खूश, आणि मग डोक्यात किडा वळवळला की हे प्रकाशाने झालं की आपण त्याला नुसतं शिजवलं?

म्हणजे बघा, फोटोपॉलिमरायझेशन (प्रकाशाने असे रेणू जोडणं) सहसा यूव्ही किंवा निळ्या प्रकाशावर चालतं, दातात भरायचं कॉम्पोझिट निळ्या दिव्याने कडक करतात तसं. पण निळा प्रकाश खोल जात नाही, म्हणून तिथेही साधारण २ मिमीचे थर देत बसावं लागतं. नियर-इन्फ्रारेड खोल जातो पण त्याच्या फोटॉनमध्ये दम नाही, ९८० नॅनोमीटरला जेमतेम १.२७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, इनिशिएटर (जोडणी सुरू करून देणारं रसायन) ढिम्म हलत नाही. म्हणून अपकन्व्हर्जनवाले नॅनोपार्टिकल्स, म्हणजे कमी दमाचे फोटॉन गोळा करून जास्त दमाचा एक सोडणारे बारीक कण. सोडियम यिट्रियम फ्लोराइडमध्ये थोडं यिटर्बियम, चिमूटभर थुलियम. यिटर्बियम ९८० नॅनोमीटरचा लेझर गिळतं, थुलियमला हप्त्याहप्त्याने एनर्जी देतं, ते पायरी पायरी वर चढतं आणि खाली येताना निळा नाहीतर यूव्ही फोटॉन सोडतं. निळ्याला तीन-चार हप्ते, यूव्हीला चार-पाच. मधल्या पायरीवर एनर्जी जरा वेळ टिकते, त्यामुळे महागडा फेमटोसेकंद लेझर लागत नाही, साधा सतत चालणारा डायोड पुरतो. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

घोळ असा की ९८० नॅनोमीटर पाण्यालाही आवडतं, आणि माझं जेल म्हणजे बहुतेक पाणीच. ते तापतं, आणि अॅक्रिलेट (माझं मोनोमर) तापलं की आपलं आपण जुळायला लागतं. मग थुलियम न घालता फक्त यिटर्बियमचे कण बनवले. ते लेझर तसाच गिळतात, पण निळा सोडणार कोण? तर तेही थोडं घट्ट झालं की राव!

पॉवर कमी करावी म्हटलं तर निळा प्रकाश पॉवरच्या जवळजवळ घनात पडतो, निम्मी केली की आठवा हिस्सा उरतो. शेवटी पॉवर तीच ठेवली आणि लेझर थांबवत थांबवत मारला, मध्ये गार व्हायला वेळ देऊन. (गॉगल घालूनच हां, हा प्रकाश दिसत नाही त्यामुळे डोळा आपोआप मिटतही नाही.) यावेळी यिटर्बियमवालं पातळच राहिलं, थुलियमवालं जमलं, मऊ आहे पण व्हायल उलटी केली तरी पडत नाही.

आता नियोडिमियमवाले कण करायला घेतलेत, ते ८०८ नॅनोमीटरवर चालतात आणि तिथे पाणी बरंच कमी तापतं.