परदेशी निघालेला कांदा-लसूण मसाला

लेकाकडे किंवा लेकीकडे परदेशी राहायला निघालेल्या सातारा-सांगलीकडच्या आईवडिलांच्या बॅगेत कांदा-लसूण मसाला असतोच. जरूर न्यावा. फक्त डंकावर कुटायला देण्याआधी कुठल्या देशात जायचंय ते बघा, कारण खरी अडचण त्यातल्या खसखशीची आहे. ती अफूच्या बोंडातली. अमिराती, सौदी आणि सिंगापूरमध्ये तिला बंदी आहे. घरच्या वापरापुरतीच आणली, हे तिथे ऐकून घेत नाहीत. दुबईला विमान बदलून पुढे जाणाऱ्यांनीही ही जोखीम घेऊ नये. खसखस वगळा, पांढरे तीळ थोडे वाढवा. रश्शाचा दाटपणा तीळ-खोबरं सांभाळतं.

कांदा कुरकुरीत होईपर्यंत तळा. ओलसर राहिला तर मसाला बुरशी धरतो. मसाला पूर्ण गार झाल्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दुहेरी पिशव्यांत भरा आणि वर इंग्रजीत घटक लिहा. बिननावाच्या लाल पुडीवर अधिकारी दहा प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं तिथे उभ्या उभ्या द्यावी लागतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घेऊच नका. तेलामुळे त्या आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून विमानात चालत नाहीत.

कंदी पेढ्यांचं वाईट वाटतं, पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूपही त्यातच आलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना फॉर्मवर खाण्याच्या प्रश्नाला सरळ ‘हो’ लिहा. भडंग, बेदाणे, हळद, सगळं दाखवा. दाखवलेली वस्तू नियमात बसली नाही तर फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागेवरच 400 डॉलर दंड होतो.

पोहोचल्यावर पहिला गोंधळ फोडणीचा. फ्लॅटच्या छताला धुराचा अलार्म असतो आणि मिरचीचा खाट त्याला पुरतो. शेगडीवरच्या पंख्याचा भरवसा धरू नका. बऱ्याच फ्लॅटमध्ये तो धूर बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. म्हणून आधी खिडकी उघडा, पंखा लावा, मग तेल तापवा. तेल धुरावू देऊ नका. मोहरी तडतडली की आच मंद करून मिरची टाका आणि लगेच झाकण ठेवा. अलार्म वाजलाच तर खालून टॉवेलने वारा घाला. फ्लॅटचं दार मात्र उघडू नका: धूर जिन्यात गेला तर काही इमारतींत सगळ्यांनाच खाली उतरावं लागतं. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं धोक्याचं आहे, अनेक ठिकाणी बेकायदाही.

उरलेलं तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नये. थंडीत ते नळीत गोठतं आणि प्लंबरचं बिल तिथे फार मोठं येतं. गार झालं की जुन्या बाटलीत भरून कचऱ्यात टाका.

हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला तर लगेच साबणाने पुसा. कपड्यावर पडला तर धुऊन उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उजेडात विरतो.