सनद असूनही पुन्हा विद्यार्थी

भारतात सहा वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली करून मी लंडनला आले, तेव्हा माझी अशी समजूत होती की आपल्या कायद्याचा पाया इंग्लिश असल्यामुळे इथे फार तर काही कायद्यांची नावे आणि कलमांचे क्रमांक नव्याने पाठ करावे लागतील. अभ्यासाच्या पहिल्याच महिन्यात ही समजूत मोडली. ती कशी मोडली, हे इकडे येऊन वकिली करू पाहणाऱ्यांना सविस्तर सांगावे, असे फार दिवसांपासून मनात होते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये वकिलीच्या दोन वाटा आहेत. सॉलिसिटर अशिलाला सल्ला देतो, दस्त करतो आणि दाव्याची तयारी सांभाळतो, तर बॅरिस्टर मुख्यतः न्यायालयात युक्तिवाद करतो. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनमधील चार ‘इन्स’पैकी (बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी) एकीचे सदस्य व्हावे लागते आणि नंतर वर्षभर अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, या उमेदवारीच्या जागा फार थोड्या असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांपैकी ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली, परंतु केवळ स्त्री असल्यामुळे त्यांच्या हाती पदवी पडायला १९२२ साल उजाडले. त्या तीस वर्षांचा विचार मनात आला की माझ्या अडचणींबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

मी सॉलिसिटरची वाट धरली. त्यासाठी २०२१ पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) नावाची दोन टप्प्यांची परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. एरवी उमेदवाराला दोन वर्षांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो, परंतु परदेशात रीतसर सनद मिळवलेल्या वकिलांना ती अट नाही, हा आपल्यासाठी मोठाच दिलासा आहे.

खरी अडचण ओळखीच्या वाटणाऱ्या विषयांनीच केली. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यातला मोबदला, वचन घेणाऱ्याने दिलेले असो वा अन्य कोणी, ते चालते. इथे ते वचन घेणाऱ्याकडूनच यावे लागते. आपल्याकडे साठेखत झाले तरी केवळ तेवढ्याने खरेदीदाराचा मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ माझ्या अंगवळणी पडलेले. इथे मात्र विक्रीचा करार झाला की मालकी कागदोपत्री विक्रेत्याकडे असतानाही खरेदीदाराला त्या घरात न्यायतत्त्वावर आधारलेला हक्क मिळतो. अशा प्रश्नांत पाचपैकी एक पर्याय हमखास भारतीय कायद्याप्रमाणे बरोबर असल्यासारखा भासायचा आणि मी नेमका त्यावरच खूण करायचे. संपूर्ण नवीन विषय शिकणे त्या मानाने सोपे गेले, कारण तिथे जुने काही विसरायचे नव्हते.

दुसऱ्या टप्प्यात लेखी कामाच्या बारा आणि तोंडी कामाच्या चार कसोट्या असतात. त्यांतील अशिलाच्या मुलाखतीने मला सर्वांत जास्त शिकवले. आधी दहा मिनिटे कागद वाचायचे, मग पंचवीस मिनिटे अशिलाशी बोलायचे आणि नंतर पंचवीस मिनिटांत भेटीचे टिपण लिहायचे. मुलाखतीचे गुण कायद्याच्या ज्ञानासाठी नसतात. तुम्ही ऐकता कसे, विचारता कसे आणि समोरच्याला विश्वास वाटतो का, एवढेच तिथे पाहिले जाते.

माझ्या पहिल्या सरावात एका सहकारी बाईंनी नुकताच नवरा गमावलेल्या अशिलाची भूमिका केली होती. नवऱ्याने मृत्युपत्रात घर पहिल्या पत्नीच्या मुलाला दिले होते आणि त्या घाबरल्या होत्या. मी लगेच साक्षीदार किती होते, ते सहीच्या वेळी हजर होते का, अशी १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यातली सरबत्ती सुरू केली. वेळ संपली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “घर आम्हा दोघांच्या नावावर होते. मी दोनदा सांगायला गेले, पण तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात.” संयुक्त मालकी ‘जॉइंट टेनन्सी’ प्रकारची असेल, तर घर मृत्युपत्राकडे न जाता आपोआप हयात मालकाकडे जाते. म्हणजे माझे सगळे प्रश्न बरोबर असूनही निरुपयोगी ठरले होते. दिवाणी न्यायालयातील उलटतपासणीची सवय मी अशिलासमोर घेऊन बसले होते, हे त्या संध्याकाळी मला लख्ख कळले.

आता मी एका लहान फर्ममध्ये घरांचे व्यवहार आणि वारसाहक्काची प्रकरणे पाहते. नव्या अशिलाचे पहिले बोलणे संपेपर्यंत मी पेन उचलत नाही. टिपण मात्र त्याच दिवशी लिहून ठेवते, कारण अशिलाने नेमके काय सांगितले आणि मी कोणता सल्ला दिला, याबद्दल पुढे कधी वाद झाला तर तेच टिपण समोर ठेवावे लागते.