काठीच्या होळीपर्यंत पोहोचताना

पहिली दोन वर्षं मी फक्त मेहरूण तलावावरचा सूर्यास्त काढला. जळगावात ज्याच्या हाती कॅमेरा येतो, तो आधी तिथेच जातो. पुढे एका संध्याकाळी ठरवलं की आपला खान्देश नीट काढायचा: देवळं, शहर, गाणंबजावणं, सगळं. तापीकाठचं आपणच दाखवलं नाही तर दुसरं कोण येऊन दाखवणार, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

सुरुवात चांगदेवपासून केली. तापी-पूर्णेच्या संगमावरचं मंदिर, पहाटेची वेळ, मी मोठ्या हौसेने स्टँड उघडला आणि रखवालदारकाका समोर आले. संरक्षित स्मारक आहे, स्टँड लावायला आधी परवानगी लागते. हातात धरून काढा, काही हरकत नाही. मी ते वाचूनच जायला हवं होतं. स्टँड गुंडाळला तेव्हा काकांनी जाता जाता सांगितलं, "ताई, घाई नका करू. ऊन तिरपं भिंतीवर येऊ द्या, मग बघा." सकाळचं ऊन भिंतीला घासून जायला लागलं तशी कोरीवकामाची एकेक कड सावली धरून वर आली. दुपारी तीच भिंत सपाट दिसते. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

शहराचा फोटो त्या मानाने लवकर जमला, पण त्याआधी एक अख्खा मे महिना वाया गेला. मैत्रिणीच्या गच्चीवरून महापालिकेची सतरा मजली इमारत सरळ दिसते. लांबून, मोठ्या लेन्सने काढलं की इमारतीच्या कडा पाण्यातल्यासारख्या हलायच्या. लेन्स बिघडली म्हणून दुरुस्तीला द्यायला निघाले होते. दोष लेन्सचा नव्हता. दिवसभर तापलेल्या गच्च्या आणि रस्ते वरची हवा हलवत राहतात, आणि जितक्या लांबून काढू तितकी ती हलणारी हवा मध्ये जास्त. जूनच्या पहिल्या दोन पावसांनंतर धूळ बसली, हवा निवळली, आणि सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी आकाशाचा निळा आणि खिडक्यांचा उजेड सारख्या वजनाचे झाले. तेव्हा तो फोटो झाला. ती वेळ जेमतेम दहा मिनिटं टिकते. आधी काढला तर दिवे दिसत नाहीत, नंतर आकाश काळं पडतं.

खरी परीक्षा गाण्याची होती. जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. विचारल्यावर मला कडेला बसून फोटो काढायची मुभा मिळाली. फ्लॅश नाही, लोकांच्या पुढून जायचं नाही, हे कबूल करूनच बसले. आलाप सुरू झाला, सभागृह इतकं शांत की माझ्या शटरचा टकटक आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. दोघांनी वळून पाहिलं. मी घाबरून कॅमेरा आवाज न करणाऱ्या शटरवर टाकला. घरी येऊन पाहते तर सगळ्या फोटोंवर आडवे पट्टे! आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा दिशा पालटून परत येते, त्यामुळे स्टेजवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. ते शटर मात्र चित्र वरून खाली ओळीओळीने टिपतं, म्हणून काही ओळी उजळ येतात, काही काळ्या. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद उघडं ठेवलं की पट्टे जवळजवळ जातात. पण १/५० वर तबल्याची बोटं धूसर होतात. शिवाय निम्म्या फोटोंत गायिकेच्या तोंडावर माइक, कारण मी अगदी समोर बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाजूला सरकले आणि कॅमेऱ्याऐवजी बोटांवर तीनताल मोजत बसले. मी गाणं शिकलेली नाही. आईने १६ मात्रा घरी टाळी देऊन शिकवल्या होत्या, तेवढीच शिदोरी. हळूहळू लक्षात आलं, तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा म्हणणं, सुरू झाली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार ते कळतं, आणि समेवर गायिकेचा हात खाली येतो, चेहरा मोकळा होतो, साथीदार तिच्याकडे पाहून हसतात. त्याच क्षणी सभागृहातून "वाऽ" येतं, त्यात शटरचा आवाज बुडून जातो! मग मी नेहमीचं शटर १/१२५ वर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे ते) ३२०० वर ठेवलं आणि फक्त समेच्या थोडं आधी दाबायला लागले. पहिल्या दिवशी सहाशे फोटो काढले होते, दुसऱ्या दिवशी चाळीस. ठेवण्यासारखे सगळे त्या चाळिसांतच निघाले.

श्रावणात कानबाईचे, म्हणजे खान्देशात घरोघरी बसवल्या जाणाऱ्या देवीचे, फोटो आमच्याच गल्लीत काढले. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी मिरवणुकीने विसर्जन. दारातच शेजारच्या आजींनी अडवलं, "पहिले आरती ले, मंग फोटू काढ." आरती घेतली, रोटाचा प्रसाद खाल्ला, दोन गाण्यांत मागे मागे सूरही धरला. त्यानंतर फुगडी घालणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या थांबल्या. मला तेच हवं होतं.

आणि मग काठी गाव. अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यात, मोलगीजवळ. इथली राजवाडी होळी रात्रभर ढोल वाजल्यावर पहाटे पेटते. भाऊ सोबत होता. अंगावर रांगोळीसारखी नक्षी, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले बुध्या, म्हणजे होळीचं व्रत धरलेले नाचणारे, रिंगणात नाचत होते. हे लोक पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात. खाटेवर झोपत नाहीत, बाईचा स्पर्श होऊ देत नाहीत. हे मी आधीच विचारून घेतलं होतं. त्यामुळे मी रिंगणाच्या बाहेर, उसनी आणलेली ८५ मिमीची, लांबून काढायची लेन्स लावून उभी राहिले. काही पाहुणे टोप धरून सेल्फी घेत होते, ते बघून मला फार वाईट वाटलं.

फ्लॅश पिशवीतून काढलाच नाही. रात्री आयएसओ ६४०० वर १/२५० ने मोरपिसं स्थिर आली, पण फोटो मुका वाटत होता. ढोलाचा ठोका छातीत बसत होता आणि चित्रात त्याचा पत्ता नव्हता. मग १/३० वर आले आणि ठोक्यावर दाबत राहिले. पाय आणि घुंगरं पसरली, एखादाच चेहरा स्थिर राहिला. होळी पेटली तेव्हा कॅमेऱ्याने ज्वाळा पांढऱ्या केल्या. प्रकाश एक पायरी खाली घेतला आणि रंगाचं सेटिंग ऑटोवरून उन्हावर आणलं, तेव्हा कुठे आगीचा खरा केशरी रंग राहिला. पूर्वेला उजाडत होतं, समोर आग, मध्ये ढोल. मी सहा फोटो काढले आणि कॅमेरा बंद करून बघत राहिले.

महिन्याभराने जळगावला मोठे प्रिंट काढून मोलगीच्या बाजारात घेऊन गेले. ढोलवाल्यांपैकी एक दादा भेटले. त्यांनी प्रिंट उन्हात धरून बराच वेळ पाहिला, बोटाने एकेक माणूस मोजला, आणि म्हणाले, "आम्ही नऊ जण होतो. माझा लहान भाऊ डाव्या बाजूला होता, तो इथे आला नाही."

येत्या होळीला मी डावीकडे उभी राहणार आहे.